तिच्या हातचं पाणी

माझ्या लेकीचं ऑफिस माझ्या आईच्या गिरणीत आहे. असं म्हटलं की लेक चिडते. "मम्मी, गिरणी कुठंय आता तिथं? टॉवर आहे तो." असेल बाई टॉवर. मी कुठं नाही म्हणते? पण परवा ती डबा घरी विसरली आणि तो द्यायला मी लालबागहून चालत निघाले, तर पायांना रस्ता विचारावा लागला नाही. गेट होतं तिथंच आहे. फक्त आता तिथला पोरगा आपला फोटो काढतो आणि गळ्यात कार्ड घालायला लावतो. घातलं. आत थंडगार हवेत एका सोफ्यावर मला बसवलं आणि सांगितलं, मॅडम मीटिंगमध्ये आहेत, थांबा.

थांबले. आणि पहिल्यांदा जाणवलं ते हे, की इथं कशाचाच वास येत नाही.

आईला वास यायचा. पहिली पाळी सुटली की जिन्यात ती दिसायच्या आधी तिचा वास वर पोचायचा. मशीनचं तेल, घाम आणि दमट कापूस. केसांत, भुवयांत, पापण्यांवर पांढरं तूस बसलेलं असायचं. मी ते वेचत बसायचे, ती चहा प्यायची, आणि आमच्या उंबऱ्यावर टेकलेली असायची सुमनमावशी, तीही तशीच पांढरी. दोघी वाइंडिंग खात्यात शेजारशेजारच्या मशीनवर. सूत गुंडाळायचं, तुटलं की गाठ मारायची, परत गुंडाळायचं, दिवसभर. तिथं आवाज एवढा असायचा की एकमेकींच्या ओठांवरून बोलणं ओळखायची सवय झालेली. घरी आल्यावरही ती सुटायची नाही. आमच्यादेखत दोघी बिनआवाजाचं काहीतरी बोलायच्या आणि खदाखदा हसायच्या. मला भयंकर राग यायचा.

चाळीत ख्रिस्ती घर आमचं एकच. आईचं नाव एस्तेर साळवे. माहेर नगरकडचं. चाळीनं तिला इस्तेरबाई करून टाकलं होतं. बाबा मी लहान असतानाच गेले, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. सुमनमावशी मालवणची, आमच्याच मजल्यावर, चार दारं सोडून. तिचा नवरा गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होता आणि त्याची छाती कायम घरघरायची. रात्री गॅलरीत झोपलेल्या सगळ्यांना ती घरघर ऐकू यायची. कुणी त्यावर बोलायचं नाही, गिरणगावात असल्या छात्या घरोघर होत्या.

नाताळच्या आधी मावशी आमच्याकडे करंज्यांना यायची. तिच्या करंजीची मुरड आईपेक्षा बारीक. "येशूक माजी करंजी आवाडता," म्हणायची. आणि गणपतीत आई तिच्याकडे नारळ खवायला. बंदरावरून बांगडे आले की एक वाटी कालवण आमच्याकडे यायचंच, आणि ती वाटी आई कधी रिकामी परत करायची नाही. नाताळचा कागदी तारा आणि दिवाळीचा कंदील चाळीतला एकच माणूस करायचा, त्यामुळे आमचा तारा दर वर्षी जरासा कंदिलासारखाच दिसायचा.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आधीचा शनिवार. त्या रविवारी आमच्या देवळात प्रभुभोजन असतं. (आम्ही मराठी ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो.) पांढऱ्या कापडाखाली ठेवलेलं ताट बाकाबाकावरून फिरतं, पावाचा एवढासा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. बस एवढंच. पण आईचा नियम असा, की कुणाशी वाकडं असताना त्या ताटाला हात लावायचा नाही. आधी जाऊन मिटवायचं, मगच जेवायचं. म्हणून शनिवारी संध्याकाळी ती हातपाय धुऊन चाळीत फेरीला निघायची. कुणाला आठवड्यात टाकून बोलली असेल, कुणाशी नळावर तोंड वाजलं असेल, त्याच्या दारात जाऊन उभी. "माझं चुकलं हो. मनात ठेवू नका." लोक हसायचे. "बाई, तुम्ही भांडता कधी ते आम्हाला कळत नाही, माफी मागायला तेवढ्या येता." सगळ्यात शेवटी सुमनमावशीकडे. तिच्याशी भांडण नसलं तरी. "उद्या तुजा जेवाण," मावशी म्हणायची, "आज माजी चाय." आणि कपात दोन बोटं जास्त ओतायची.

हे सगळं गिरणीचा भोंगा वाजत होता तेव्हाचं. मग भोंगा बंद झाला.

संप का झाला, कुणी केला, कुणाचं चुकलं, यावर आजही चार म्हातारे जमले की वाद घालतात. मला आठवतं ते एवढंच की एका सकाळी भोंगा झाला नाही आणि अख्खं लालबाग तरीही ठरल्या वेळी उठून बसलं. माणसं दात घासून, चहा पिऊन गॅलरीत येऊन उभी राहिली आणि एकमेकांकडे बघत बसली. सुरुवातीला सणच होता म्हणा ना. बापे दिवसा घरात दिसायला लागले. पत्ते रंगले. मग हळूहळू पत्त्यांचा आवाज कमी झाला.

आई तेव्हा वाइंडिंगच्या बायकांची पुढारी होती. ती पुढारी झाली कशी, कुणी केली, मला माहीत नाही. रविवारी देवळात ती पोरांना शिकवायची, तोच आवाज आणि तेच उगारलेलं बोट घेऊन ती गेटावर स्टुलावर चढायची. बोलायच्या आधी डोळे मिटून गप्प उभी राहायची. पुरुष खालून चिडवायचे, "थांबा रे, बाई वरच्या कमिटीची परवानगी घेतायत." तीही हसायची. पण डोळे उघडून बोलायला लागली की कुणी खोकत नसे.

चाळीच्या पटांगणात तिनं सगळ्यांचं एकत्र स्वयंपाकघर मांडलं. तांदूळ कोकणातून यायचे, ज्वारी घाटावरून. भलेमोठे टोप, तीन दगडांच्या चुली, ओल्या लाकडांचा धूर. डाळीत डाळ कमी आणि पाणी जास्त, पण लसणीची फोडणी बसली की तो वास थेट तिसऱ्या मजल्यावर यायचा आणि पोरं ताटल्या वाजवत खाली पळायची. आई स्वतः वाढायची. सगळ्यांचं झाल्याशिवाय बसायची नाही. मी म्हणायचे, "आई, खा ना गं आधी, चक्कर येऊन पडशील." ती म्हणायची, "आमच्या देवळातल्या मेजाचा जो धनी आहे ना, त्यानं वाढलं. मागितलं नाही. मग मी कोण लागून गेले?" टोपाला चिकटलेलं खरवडून खायची आणि वर म्हणायची, हेच सगळ्यात चवदार असतं.

पावसाळा सरला. गणपती आले, गेले, त्या वर्षी लायटिंगही बेताचंच होतं. मग गिरणीत गाड्या शिरायला लागल्या. जाळ्यांच्या खिडक्यांच्या गाड्या, पुढेमागे पोलीस, आत कामावर परत चाललेली माणसं, तोंडं लपवून. गेटावरचे लोक शिव्या घालायचे, चपला मारायचे. आई रोज पुढे उभी. एका सकाळी तशीच एक गाडी वळली आणि खिडकीत एका बाईनं पदर तोंडावर ओढला. पदर आईच्या ओळखीचा होता. हिरवा, बारीक ठिपक्यांचा. ते लुगडं आईनंच दादरहून घेऊन दिलं होतं, भाऊबीजेला, सुमनमावशीला भाऊ नाही म्हणून.

मी आईला इतकी चिडलेली त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. ती स्टुलावर चढली. त्या दिवशी डोळे मिटले नाहीत.

"आपल्याच मजल्यावरची बाई आत गेली," ती ओरडली. "आपल्या टोपातलं जेवली आणि आत गेली. आजपासून तिच्या हातचं पाणी कुणी पिणार नाही. तिला नळावर उभी करायची नाही. तिच्या घरची हळद नको, तिच्या चुलीचा निखारा नको. मेली ती आपल्याला!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला म्हणता. आई खाली उतरली आणि कुणाकडे न बघता तरातरा घरी निघाली. तेव्हा मला वाटलं, रागानं.

मग चाळ बदलली, एका दिवसात. सुमनमावशी गॅलरीतून चालली की दारं लागायची. तिच्या नवऱ्याची घरघर ऐकू आली की लोक रेडिओ मोठा करायचे. तिच्या पोरांना खेळात घेणं बंद झालं. नळावर ती सगळ्यांच्या आधी अंधारात येऊन भरून जायला लागली, कारण उजाडल्यावर तिची कळशी कुणी रांगेत राहूच द्यायचं नाही. आई हे सगळं बघत होती. जेवण वाढत होती, मीटिंगा घेत होती. फक्त त्या महिन्याच्या शनिवारी ती फेरीला निघाली आणि मावशीच्या दाराच्या अलीकडूनच परतली. दुसऱ्या दिवशी देवळात ताट आलं तेव्हा घुटमळली, पण तुकडा उचलला. मी शेजारीच होते. तो तिला गिळायला फार वेळ लागला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नळावरचं ते झालं. आई आणि मी हंडे घेऊन खाली गेलो होतो. त्या दिवशी पाणी उशिरा आलं होतं, त्यामुळे मावशीला उजेडात यावं लागलं. बायका पदर सावरत लांब सरकल्या. मावशीनं मान खाली घालून कळशी भरली, कमरेवर घेतली आणि गेली. ती जिन्यात दिसेनाशी झाली तशी रांगेतली एक बाई पुढे झाली. हातात चिंचेचा कोळ आणि राख. तिनं नळाची तोटी घासली. वरून, खालून, आतून बोट घालून. खळखळून पाणी सोडलं आणि मग आपली बादली लावली. वळून आईकडे बघत हसली. "बघा इस्तेरबाई. तुमचा शब्द पाळतोय आम्ही."

आईच्या हातातला हंडा खाली पडला. ती तशीच वर आली आणि भिंतीला टेकून बसली. मी घाबरले. पाणी दिलं तर घेईना. मग ती बोलली.

"माझ्या आजीला गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. खाली उभं राहायचं. वरून कुणाला दया आली तर ओतणार, आपण ओंजळ धरायची. एकदा तिचा हात रहाटाला लागला चुकून. तर त्यांनी तो रहाट धुतला. चिंचेनं, राखेनं. तिच्यादेखत. त्या दिवशी आजोबा उठले आणि मिशनच्या बंगल्यावर गेले. आपण ख्रिस्ती झालो ते तिथून." मग माझ्याकडे बघितलं. "आणि मी काय केलं गं? मी काय करून बसले?"

मी शाळा संपवून नुकती कॉलेजात गेलेली पोरगी. मला एवढंच कळलं की माझी आई, जिला सगळं लालबाग घाबरतं, ती आता स्वतःलाच घाबरली आहे.

पुढच्या पहिल्या रविवारी ताट आलं आणि आईनं नको म्हणून मान हलवली. ताट पुढे गेलं. अख्ख्या मंडळीनं बघितलं. साळवेबाईनं प्रभुभोजन सोडलं म्हणजे काय, लोकांच्या भुवया वर. पाळकसाहेब, म्हणजे आमच्या देवळाचे धर्मगुरू, दुसऱ्या दिवशी घरी आले. शांत, वयस्कर माणूस. म्हणाले, "बाई, तुम्हाला पश्चात्ताप झालाय हे देव जाणतो."

"देव जाणतो हो," आई म्हणाली. "सुमन कुठं जाणते?"

पाळकसाहेब चहा पिऊन गेले. मग आले दामूअण्णा, गिरणीच्या संप कमिटीचे मुख्य. आईनं त्यांनाच बोलावलं होतं. मला आत पाठवलं, पण आमच्या खोलीला आत म्हणजे पडद्यामागे एवढंच. मी उभी राहून सगळं ऐकलं.

"मला माझा शब्द मागे घ्यायचाय, अण्णा. सगळ्यांसमोर."

"वेड लागलंय का बाई तुम्हाला?" अण्णांनी आवाज दाबला. "आता? लोक कशावर उभे आहेत माहितीय ना? धाकावर. नुसत्या लाजेवर. तुम्ही तिला माफ केलीत तर उद्या त्या गाडीत आपल्या मजल्यावरच्या दहा जणी असतील."

"माफ मी नाही करत. मी मागायला चाललेय."

"तेच ते!"

"तेच नाही अण्णा."

मग अण्णा म्हणाले, "ऐका माझं. पोरं तापलीत. सोमवारी ती गाडीतून उतरली की तिच्या तोंडाला काळं फासायचं ठरलंय. मी थांबवू शकत नाही. तुम्ही मध्ये पडू नका. पडलात तर कमिटीत जागा नाही. आणि मग तुमच्या दाराचं मी सांगू शकत नाही." आवाजात धमकी नव्हती, काळजीच होती, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली. ते गेल्यावर मी पडद्यातून बाहेर आले आणि आईचे पाय धरले. "आई नको ना गं. आपण दोघीच आहोत घरात." ती माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली. "म्हणून तर," एवढंच म्हणाली. काय म्हणून, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

सोमवारी पाणी यायच्या वेळेला सगळी चाळ नळावर होती. मुद्दामच असावी. जिन्याजवळ पोरांचं टोळकं, एकाच्या हातात संध्याकाळसाठी आणलेला डांबराचा डबा. आई कळशी घेऊन खाली उतरली, रांगेत पुढे गेली आणि बायका बाजूला झाल्या, पुढारीच ती. तिनं तोटी घासली नाही, धुतली नाही, कळशी सरळ नळाखाली धरली. भरली. डोक्यावर घेतली आणि म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"हे पाणी सुमनच्या घरी चाललंय. मी त्या दिवशी गेटावर जे बोलले ते पाप होतं. संप बरोबर आहे. ती आत गेली ते मला पटलेलं नाही. पण माणसाचं पाणी तोडायचा हक्क मला कुणी दिला नव्हता. ज्याला काळं फासायचंय त्यानं मला फासा."

कुणी हललं नाही. ती जिना चढायला लागली. पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडत होतं. मी मागून. गॅलरीभर माणसं कठड्याला चिकटून उभी. कुणीतरी "गद्दार" म्हटलं, हळू, आणि मग दुसऱ्या कुणीतरी मोठ्यानं. सुमनमावशीचं दार बंद. आईनं कडी वाजवली. दार उघडलं. मावशी कामावर जायच्या तयारीत, हिरवा पदर खोचलेला.

"सुमन, चुकलं माझं," आई म्हणाली. "पाणी आणलंय."

मावशीनं तिच्याकडे बघितलं. मग कळशीकडे. तिनं दोन्ही हातांनी कळशी उतरवून घेतली, मला वाटलं, झालं, सुटलो एकदाचे. आणि तिनं ती तिथंच उंबऱ्याबाहेर उपडी केली. सगळं पाणी आईच्या पायांवरून गॅलरीत वाहून गेलं.

"तुज्या हातचा पाणी नको माका," ती म्हणाली आणि दार लावलं.

त्या दिवशी ती कामाला गेली नाही. म्हणजे गाडीतून उतरलीही नाही, आणि कुणाला काळं फासता आलं नाही. ते डांबर संध्याकाळी आमच्या दारावर लागलं. अख्खं दार. मी रडत रडत रॉकेल आणि फडकं घेऊन बसले, तर आईनं माझा हात धरला. "राहू दे. दिसू दे लोकांना." कितीतरी दिवस दारावर हात ठेवला की हात काळा व्हायचा.

कमिटीतून तिला काढलं. दहा जणी गाडीत बसतील असं अण्णा म्हणाले होते. बसल्या काही, काही नाही बसल्या, त्यांनी सगळ्यांनी आपापल्या पोटाला विचारून ठरवलं. आई दुसऱ्या दिवशी पटांगणात गेली तर पळी आधीच दुसरीच्या हातात. "तुम्ही नका वाढू बाई," त्या बाईनं नजर चुकवत सांगितलं. आई बरं म्हणाली, पदर खोचला आणि खरकट्या टोपांजवळ बसली. राखेनं टोप घासायला लागली. मला इतका संताप आला! म्हटलं, चल घरी, यांची भांडी घासतेस? ती म्हणाली, "अगं, जेवण त्यांचं बंद झालेलं नाही ना? मग माझं काम कसं बंद होईल?" संपाच्या शेवटापर्यंत ती तिथं घासत बसली. नखांत राख कायमची राहिली.

शेवट म्हणायचं खरं, पण संप संपला असं कुणी कधी सांगितलंच नाही. लोक एकेक करून कुठं कुठं गेले. कुणी गावी, कुणी वॉचमन, कुणी भाजीच्या गाडीवर. आईला कामावर घेतलं नाही. सुमनमावशीला ठेवलं होतं, पण पुढे गिरणीच बंद पडली आणि तीही घरी बसली. तोवर तिचा नवरा गेला होता. प्रेत आत होतं आणि आई रात्रभर दाराबाहेर बसून होती. मावशीनं आत ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. आणि हळूहळू चाळच परत आईकडे यायला लागली. ज्यांनी डांबर लावलं त्यांच्या बायकांचीसुद्धा बाळंतपणं तिनं केली. हॉस्पिटलात नंबर लावायचा, पोराला शाळेत घालायचं, दारूड्याला समजवायचं, तर चला इस्तेरबाईंकडे. दामूअण्णा एकदा माझ्यासमोर म्हणाले, "बाई, कमिटीतून काढल्यावर तुम्ही जास्तच पुढारी झालात." आईनं त्यांना चहा दिला आणि विषय बदलला.

पण दर पहिल्या रविवारी ताट यायचं आणि आई मान हलवायची. त्याच्या आदल्या शनिवारी चाळीभर फेरी मारून सुमनमावशीच्या दारात जाऊन उभी राहायची. "सुमन, चुकलं माझं." दार अर्धं लोटलेलं. आतून उत्तर नाही. परत यायची. वर्षं गेली हो यात. माझं लग्न झालं. लग्नाच्या उपासनेत प्रभुभोजन होतं, तिथंही तिनं घेतलं नाही, माझ्या सासरचे बघत राहिले. मी भांडले तिच्याशी. म्हटलं, तू मागितलीस ना माफी? तुझं कर्तव्य झालं. ती म्हणाली, "मागितली. पण ते ताट एकटीनं जेवायचं नसतं गं. तिला वगळून मी कशी जेवू?" इतकी हट्टी बाई मी जन्मात पाहिली नाही.

इथवर मी त्या सोफ्यावर बसून मनातल्या मनात आले होते आणि लेक मीटिंगमधून बाहेर आली. डबा घेतला. माझा चेहरा बघून म्हणाली, "काय झालं मम्मी?" तिला सांगितलं मग. तिथंच, थोडक्यात, दोन कागदी कपांतली कॉफी गार होईपर्यंत. तिला आजी आठवते ती पेपर वाचणारी, दात नसलेली. तिनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "मग आजीनं खाल्लं का कधी परत?"

खाल्लं.

माझ्या लग्नानंतर काही वर्षांनी एकदा आईला ताप होता आणि मी माहेरी आले होते. शनिवारी ती उठूच शकली नाही, फेरी राहिली. दिवेलागणीला दारात कुणीतरी उभं राहिलं. सुमनमावशी. इतक्या वर्षांत आमच्या उंबऱ्याजवळ पहिल्यांदा.

"तुजी आवस खय?" तिनं मला आईबद्दल विचारलं. "आज शनवार ना? इली नाय ती?"

मी आत बोट दाखवलं. तिनं लांबूनच आईकडे बघितलं. आई गुंगीत होती.

"उद्या जातली देवळात?"

"जाणारच. तापातसुद्धा जाईल."

"आणि परत तशीच उपाशी येतली?"

मी मान डोलावली. मावशी वळली. मग "मेला कसला हट्ट तो," असं काहीतरी पुटपुटत गेली.

सकाळी मी आईला धरून देवळात नेलं. अंगाला अजून चटका लागत होता. उपासना झाली, ताट निघालं, पांढरं कापड बाजूला झालं. आमच्या बाकापाशी आलं. आईनं सवयीनं मान हलवली. ताट घेऊन उभे असलेले काकाही सवयीनं पुढे सरकायला लागले.

"घे गो एकदाची!"

देवळात इतक्या मोठ्यानं कुणी बोलत नाही. सगळ्या माना मागे वळल्या. शेवटच्या बाकावर सुमनमावशी. पदर डोक्यावर घेतलेला. ती आमच्या देवळात कधी आली नव्हती, कुठं उठायचं कुठं बसायचं तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती पहिल्यापासून उभीच होती म्हणे.

"माफबिफ काय नाय केलंय मी," ती तशाच आवाजात म्हणाली. "पण तू जेव. स्टोवर भात ठेवन इलंय मी, माका उशीर होता."

आई वळली नाही. मी तिचं कोपर धरलं. तिनं तुकडा उचलला. तोंडात घातला. चावत होती आणि रडत होती, नाक वाहत होतं, पुसायचं भान नव्हतं. काका ताट धरून उभे राहिले. पाळकसाहेब थांबले. पेटीवर गाण्याची वेळ झाली होती, पण कुणी पेटीला हात लावला नाही.

मागून आवाज आला, "गिळलंस?"

आईनं हो म्हणून मान डोलावली. मग चपलांचा आवाज दाराबाहेर गेला.